१९२० साली काय घडलं, आणि ते आपल्याला कधी कळलं?

१ ऑगस्ट आला की आपल्याकडच्या बऱ्याच शाळांच्या फळ्यावर दोन ओळी दिसतात. लोकमान्य टिळक पुण्यतिथी. अण्णाभाऊ साठे जयंती. दोन्हींचं साल एकच, १९२०. त्या दिवशी मध्यरात्र उलटल्यावर मुंबईच्या सरदारगृहात टिळक गेले आणि त्याच तारखेला वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात अण्णाभाऊ जन्मले. गांधीजींच्या असहकार चळवळीची सुरुवातही हीच तारीख धरून सांगितली जाते. म्हणजे एका दिवसाला तीन नोंदी.

आता एक साधा प्रश्न. त्याच दिवशी संध्याकाळी कुणी वही घेऊन 'आज काय घडलं' ते लिहायला बसलं असतं, तर यातल्या किती नोंदी झाल्या असत्या?

टिळकांची नक्की झाली असती. अख्खी मुंबई रस्त्यावर उतरली होती. असहकाराची बहुतेक झाली असती. अण्णाभाऊंची? वाटेगावच्या मांगवाड्यात एक मूल जन्मलं ही त्या घरापुरती बातमी होती. ती 'देशाच्या इतिहासातली नोंद' व्हायला पुढची तीस-चाळीस वर्षं जावी लागली.

फळ्यावर मात्र दोन्ही ओळी एकाच खडूनं, एकाच आकारात लिहिलेल्या असतात. आजचा लेख याच गोष्टीवर आहे. वर्तमानपत्रातली दिनविशेषाची चौकट, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातलं 'महत्त्वाच्या घटना व व्यक्ती' हे प्रकरण, एखाद्या सालाची ठळक घडामोडींची जंत्री, या सगळ्यांना मी सोयीसाठी 'सालयादी' म्हणते. तिच्याकडे आपण माहिती म्हणून बघतो. आज जरा टीकाकाराच्या नजरेनं बघू.

आधी माझ्या विषयातलं थोडंसं

नव्यानं आलेल्यांसाठी सांगते. मी संख्याशास्त्रात पीएचडी करते आणि माझा विषय आहे नोंदीतला उशीर. एखादी गोष्ट घडते कधी, तिची नोंद होते कधी, आणि या दोन तारखांमधल्या अंतरामुळे आपलं चित्र किती बिघडतं, हे मोजायचं.

कोरोनाच्या काळात हे सगळ्यांनी बघितलंय, फक्त नाव माहीत नव्हतं. रोज संध्याकाळी आकडे यायचे. पण 'आजचे मृत्यू' म्हणून जो आकडा दिसायचा, तो आज नोंद झालेल्या मृत्यूंचा असायचा. ते घडलेले असायचे त्याआधीच्या काही दिवसांत. १६ जून २०२० ला महाराष्ट्राच्या आकड्यांत आधीचे राहून गेलेले १,३२८ मृत्यू एकदम मिळवले गेले. आलेखात त्या दिवशी एवढा मोठा सुळका दिसला, पण त्या दिवशी तेवढी माणसं गेली नव्हती.

उलटंही होतं. घडल्याच्या तारखेनुसार आलेख काढला, की शेवटचे काही दिवस नेहमी खाली उतरलेले दिसतात. बघणाऱ्याला वाटतं, साथ ओसरली. खरं तर कागद अजून वाटेत असतात. आमचं काम असं, की आधीच्या उशिराचा अभ्यास करून वाटेत किती कागद असतील याचा अंदाज बांधायचा.

आता हीच गोष्ट आठवडे आणि महिन्यांऐवजी वर्षं आणि दशकांवर लावून बघा. सालयादी हा अशा उशिरा आलेल्या नोंदींचाच गठ्ठा आहे. फरक एवढाच, की नोंद कधी आली ते त्यावर लिहिलेलं नसतं.

जन्माचा रकाना पुढून लिहिला जातो

१९२० च्या यादीत आमच्या रहिमतपूरला एकच ओळ मिळते. २० मार्च : नाटककार वसंत कानेटकर यांचा जन्म. गावाला त्याचा अभिमान आहे, मलाही आहे. पण त्या ओळीतला 'नाटककार' हा शब्द बघा. त्या दिवशी रहिमतपुरात कुणी नाटककार जन्मला नव्हता. शंकर केशव कानेटकर, म्हणजे कवी गिरीश, यांच्या घरी मुलगा झाला होता. 'रायगडाला जेव्हा जाग येते' रंगमंचावर आलं १९६२ मध्ये. तेव्हा कानेटकर बेचाळीस वर्षांचे होते.

समजा १९४० साली कुणी १९२० ची सालयादी बनवली असती, तर तिच्यात जन्माच्या रकान्यात कोण असतं? जवळजवळ कुणीच नाही. रविशंकर यांचा जन्म १९२० चा, सतीश धवन यांचा १९२० चा, के. आर. नारायणन यांचाही १९२० चा. विसाव्या वर्षी यातला कुणीही 'देशाच्या इतिहासातली व्यक्ती' नव्हता. धवन इस्रोचे प्रमुख झाले १९७२ मध्ये. नारायणन राष्ट्रपती झाले १९९७ मध्ये. तो रकाना सावकाश, पन्नास-पाऊणशे वर्षं भरत राहिला.

हे तपासून बघायचं असेल तर अगदी अलीकडचं एखादं साल घ्या, समजा १९९८. जन्माच्या रकान्यात तुम्हाला खेळाडू दिसतील आणि नट-नट्या दिसतील. शास्त्रज्ञ, कादंबरीकार, न्यायाधीश जवळपास दिसणार नाहीत. याचा अर्थ १९९८ मध्ये फक्त क्रिकेटपटू जन्मले असा होत नाही. खेळातलं नाव विशीत होतं, नाटकातलं चाळिशीत, आणि संशोधनातलं कधीकधी माणूस गेल्यावर. कोरोनाच्या आलेखातले शेवटचे दिवस जसे अर्धवट, तसाच हा रकाना अर्धवट. आमच्या भाषेत ही उजव्या बाजूनं कापली गेलेली माहिती.

आणखी एक बाजू आहे. त्या काळी जन्मलेल्या हजार बाळांमागे साधारण दोनशे बाळं पहिला वाढदिवसही बघत नव्हती. १९११ ते १९२१ या दशकातलं सरासरी आयुर्मान वीस वर्षांच्या आसपास धरलं जातं. 'जन्म : १९२०' या रकान्यातलं प्रत्येक नाव आधी वाचलेलं, मग वाढलेलं, आणि मग गाजलेलं आहे. जे गेले त्यांच्यासाठी यादीत जागाच नाही.

ज्याला तारीख नाही ते घडलंच नाही

सालयादीत शिरायला एक अट असते, तारीख. अधिवेशनाला तारीख असते. सप्टेंबरात कलकत्त्याला काँग्रेसचं खास अधिवेशन, ३१ ऑक्टोबरला मुंबईत आयटकची स्थापना, डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन. यादी अशा गोष्टींनी भरून जाते, आणि त्या महत्त्वाच्या आहेतच. नागपूरला काँग्रेसनं प्रांतिक समित्या भाषेनुसार करायचं ठरवलं, त्या धाग्याचं दुसरं टोक १९६० च्या महाराष्ट्र राज्यापर्यंत येतं.

पण १९२० चा पाऊस? १९१८ सारखाच १९२० चा मॉन्सूनही देशभर तुटीचा होता. कोरेगाव-खटाव-माणच्या माणसाला पाऊस न पडणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. मात्र पाऊस 'न पडण्याला' तारीख कुठली लावणार? तो २० जूनला पडला नाही, २१ ला पडला नाही, तसाच पुढेही पडला नाही. न घडलेल्या गोष्टीचा दिनविशेष होत नाही.

तीच गत १९१८ च्या तापाच्या साथीची. तिच्या खुणा १९२० मध्येही घराघरात होत्या. १९२१ ची जनगणना झाली तेव्हा कळलं, की देशाची लोकसंख्या दहा वर्षांत वाढण्याऐवजी थोडी घटली होती, सुमारे २५.२ कोटींवरून २५.१ कोटींवर. जनगणना सुरू झाल्यापासून असं एकदाच झालंय. भूगोलाच्या पुस्तकात १९२१ ला 'महाविभाजक वर्ष' म्हणतात ते यामुळेच. १९२० मध्ये जगणाऱ्या माणसाच्या आयुष्यावर याहून मोठा परिणाम करणारी गोष्ट शोधून सापडणार नाही. १९२० च्या यादीत ती नसते.

दोन शास्त्रज्ञ, दोन प्रकारचा अन्याय

माझ्या जवळचा विषय, म्हणून इथे जरा थांबते.

१९२० च्या यादीत रामानुजन असतात. कुठे? निधनाच्या रकान्यात, २६ एप्रिल. वय बत्तीस. वाचणारा हळहळतो आणि पुढे जातो. पण त्याच वर्षी जानेवारीत त्यांनी अंथरुणाला खिळलेल्या अवस्थेत हार्डींना पत्र लिहिलं आणि 'मॉक थीटा' नावाच्या नव्या फलांची ओळख करून दिली. त्या शेवटच्या वर्षातल्या कामाचे कागद केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात पडून होते. १९७६ मध्ये जॉर्ज अँड्र्यूज यांच्या हाती ते लागले. गणितवाले त्यालाच 'हरवलेली वही' म्हणतात. म्हणजे १९२० ची एक मोठी घटना जगाला पुरती कळली छप्पन्न वर्षांनी. यादी अजूनही फक्त मृत्यूच लिहिते.

दुसरे मेघनाद साहा. ऑक्टोबर १९२० मध्ये 'फिलॉसॉफिकल मॅगझिन' या इंग्लंडमधल्या नियतकालिकात त्यांचा सूर्याच्या वातावरणावरचा लेख छापून आला. साहांचं म्हणणं थोडक्यात असं : तापमान वाढलं की अणूतून इलेक्ट्रॉन सुटतो, आणि दाब कमी असेल तर सुटलेला इलेक्ट्रॉन परत जोडला जाण्याची शक्यता कमी होते. किती अणू असे फुटलेले असतील ते तापमान आणि दाब यांवरून काढता येतं. या एका समीकरणानं ताऱ्याच्या प्रकाशपट्टीतल्या रेघा वाचून त्याचं तापमान सांगायची वाट मोकळी झाली. तेव्हा साहा सत्तावीस वर्षांचे. या गोष्टीला सभा नाही, हार नाही, अध्यक्ष नाही. एक लेख छापून आला, एवढंच. बहुतेक मराठी याद्यांत १९२० खाली साहा नसतात. त्यांच्या वाट्याला येते ती त्यांची जन्मतारीख, तीही ६ ऑक्टोबरच्या चौकटीत.

म्हणजे ज्यानं त्या वर्षी काम केलं तो मृत्यूच्या रकान्यात जातो नाहीतर यादीबाहेर राहतो, आणि ज्यानं त्या वर्षी फक्त पहिला श्वास घेतला तो जन्माच्या रकान्यात मिरवतो. सालयादीबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे.

लिहिणारा कुणाकडे होता?

१९२० चं वर्ष या बाबतीत विलक्षण आहे, कारण तक्रार त्याच वर्षी कुणीतरी जाहीरपणे मांडली होती. ३१ जानेवारीला बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केलं. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. पत्राच्या नावातच म्हणणं आलं : ज्यांचं लिहिणारं कुणी नाही, त्यांचं पत्र. २१ आणि २२ मार्चला कागल जहागिरीतल्या माणगावला परिषद झाली आणि शाहू महाराजांनी आंबेडकरांचं नेतृत्व लोकांसमोर उघडपणे उचलून धरलं. आज १९२० ची कुठलीही मराठी यादी माणगावशिवाय पुरी होत नाही. ती तिथे आपोआप आलेली नाही. दलित चळवळीनं दशकानुदशकं सभा घेऊन, पुस्तकं छापून, स्मारकासाठी भांडून ती नोंद करवून घेतली.

तारखेचंही तसंच आहे. तुमच्या आजी-आजोबांच्या पिढीतल्या लोकांच्या जन्मतारखा काढून बघा. १ जून इतक्यांदा येईल की हसू येईल. शाळेत नाव घालताना तारीख सांगता येईना, मग गुरुजींनी सोयीची टाकली. ज्यांच्या घरी पत्रिका मांडली जायची त्यांची तारीख घटका-पळांसह टिकली. बाकीच्यांना ती शाळेनं बहाल केली. 'अमुक दिवशी जन्म' हा रकाना दिसायला सगळ्यांना सारखा असतो, पण त्यात शिरायचं दार सगळ्यांना सारखं उघडं नव्हतं.

जागेचीही तीच गोष्ट. यादीत 'वाटेगाव, जि. सांगली' असं सर्रास लिहिलं जातं. १९२० मध्ये सांगली जिल्हा नव्हताच. वाटेगाव सातारा जिल्ह्यात होतं आणि सांगली हे पटवर्धनांचं संस्थान होतं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० मध्ये. आपल्या रहिमतपूर स्टेशनातून मिरजेकडे निघालेली गाडी पुढे किर्लोस्करवाडीला थांबते. ती तेव्हा औंध संस्थानात होती. याच १९२० मध्ये तिथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. कारखान्याचं घरगुती पत्र म्हणून सुरू झालेली ती खबर पुढे 'किर्लोस्कर' मासिक होऊन मराठी घराघरात गेली. राष्ट्राच्या यादीत तिला ओळ नाही. आपल्या या रेल्वेमार्गावरच्या गावांत तिच्याइतकी टिकलेली गोष्ट त्या वर्षी क्वचितच दुसरी घडली असेल.

हे काही आजचं दुखणं नाही

तुम्ही म्हणाल, हे इंटरनेटच्या जमान्यातलं खूळ आहे. नाही. मराठीतली सगळ्यात प्रसिद्ध सालयादी म्हणजे जेधे शकावली. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली ही तारीखवार जंत्री टिळकांनीच १९१६ मध्ये उजेडात आणली. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी तिच्यातूनच पुढे आली. शकावली सुरू होते शके १५४० पासून, आणि तिच्या सुरुवातीलाच नोंद आहे औरंगजेबाच्या जन्माची. आता १६१८ साली भोरजवळच्या कारीत बसून दूर गुजरातेत दोहदला जन्मलेल्या एका शहजाद्याची नोंद कोण कशाला करेल? तो पुढे पातशहा झाला, दख्खनेत उतरला, म्हणून ती ओळ मागाहून सुरुवातीला गेली असणार. फळ्यावरच्या ओळीचा नेमका हाच स्वभाव.

पण शकावलीचं एक गुण म्हणून सांगायला हवं. ती कुणाची आहे हे लपत नाही. जेध्यांच्या घरातल्या घडामोडी तिच्यात ठळक येतात. वाचणाऱ्याला कळतं, की ही कारीहून दिसलेली दुनिया आहे. आजची सालयादी कुठून दिसते ते सांगत नाही. जणू काही तिला कुणी लिहिलेलंच नाही.

मग यादी टाकून द्यायची का?

नाही. सालयादीला एक गोष्ट जमते जी चरित्राला आणि इतिहासाच्या प्रकरणाला जमत नाही. ती वेगवेगळी माणसं शेजारी बसवते. रहिमतपुरात २० मार्चला कानेटकर जन्मले आणि दुसऱ्याच दिवशी माणगावला परिषद भरली. नाटकाच्या इतिहासात माणगाव येत नाही, चळवळीच्या इतिहासात रहिमतपूर येत नाही. फक्त यादीत या दोन ओळी लागून येतात, आणि तेव्हा लक्षात येतं की एकाच फाल्गुन-चैत्रात, एकाच मुलखात, ही दोन घरं किती लांब होती.

कुणी असंही म्हणेल, की मागे वळून बघणं म्हणजेच तर इतिहास, त्यात वावगं काय? काहीच नाही. मागाहून कळणं हा दोष नाही. मागाहून कळलेलं तेव्हाच कळलं होतं असं दाखवणं हा दोष आहे. कोरोनाच्या आकड्यांतही उशीर टाळता येत नव्हता. पण 'यातले इतके आधीचे आहेत' असं स्पष्ट लिहिलं की आलेख नीट वाचता येत होता.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. सालयादीतल्या प्रत्येक ओळीला दोन तारखा लावा. एक घडल्याची, एक मोजल्याची. १९२० ची काही उदाहरणं अशी होतील :

– टिळकांचं निधन : १९२०, मोजलं १९२०.
– माणगाव परिषद : १९२०, सर्वांच्या यादीत आली बऱ्याच दशकांनी.
– रामानुजन यांचं शेवटचं काम : १९२०, पुरतं हाती आलं १९७६.
– वसंत कानेटकर : जन्म १९२०, नाव झालं पन्नास-साठच्या दशकांत.
– लोकसंख्येतली घट : १९११ ते १९२१, कळली १९२१.
– अण्णाभाऊ साठे : जन्म १९२०, 'फकिरा' १९५९, टपाल तिकीट २००२.

शेवटची ओळ पुन्हा वाचा. टिळक चौसष्टाव्या वर्षी गेले तेव्हा त्यांची नोंद म्हणजे पुऱ्या झालेल्या आयुष्याचा हिशेब होता. अण्णाभाऊंची नोंद मात्र आपण त्यांनी काहीही केलेलं नसतानाच्या दिवशी करतो. त्यांचं करणं पुढे आहे. १९४४ चं लाल बावटा कलापथक, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली शाहिरी, इंग्रजी राजवटीशी झुंजणाऱ्या मांग वीराची 'फकिरा'. या कशालाच फळ्यावर दिवस नाही. १ ऑगस्टला शेजारी-शेजारी दोन फोटो लागतात, हार घातले जातात, कधी कुणाचा फोटो मोठा यावरून कुरबुरही होते. पण एका बाजूला काम लक्षात राहतं आणि दुसऱ्या बाजूला नुसता जन्म. मुलं तेवढंच पाठ करतात, कारण यादीनं तेवढंच दिलेलं असतं.

तुमच्यापैकी बरेच जण शिक्षक आहेत, म्हणून एक सुचवते. पुढच्या १ ऑगस्टला फळ्यावर अण्णाभाऊंच्या ओळीत जन्माच्या सालापुढे १९५९ लिहा आणि मुलांना विचारा, मधली एकोणचाळीस वर्षं काय झालं असेल? आणि बाकीच्यांनी, तुमच्या गावात १९२० मध्ये घडलेली पण कुठल्याच यादीत नसलेली एक गोष्ट खाली कॉमेंटमध्ये लिहा. दोन तारखांसह. पुरेशा जमल्या, तर पुढच्या पोस्टमध्ये त्या उशिराचा आलेख काढून दाखवते.